गडूतले पाणी आणि कुपीतले औषध

खानदेशातल्या जुन्या घरांतून देवघराच्या फळीवर एक लहानसा तांब्याचा गडू हमखास आढळे. तोंडाला डाख देऊन तो कायमचा बंद केलेला असे. घरातला कोणी आजा-पणजा भुसावळच्या स्टेशनावर गाडीत बसून काशीला गेलेला असावयाचा. परतल्यावर गावाला जेवण घालून मावंदे केलेले असावयाचे. आणि त्या यात्रेची खूण म्हणून हा गंगेचा गडू मागे राहिलेला. दिवाळीच्या आधी घरातली तांब्यापितळेची भांडी निघाली की चिंचेने आणि राखेने तोही घासला जाई. आमच्या घरी ते काम माझ्याकडे असे. घासून झाल्यावर मी तो कानाशी नेऊन हलवी. आत पाणी डुचमळे.

"आजी, इतकी वर्षं झाली. नासलं नसेल हे पाणी?"

"अरे, गंगेचं पाणी कधी नासतं का?" आजीचे उत्तर ठरलेले असे.

पुढे मी शाळेत शिकवू लागलो, आणि एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने नेमका हाच प्रश्न मला केला. आजीचे उत्तर देण्याचा धीर होईना. आणि ते खोटे आहे असे सांगण्याइतकी माहितीही जवळ नव्हती. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली व त्या रात्री वाचावयास बसलो. तो उद्या काही लवकर उजाडला नाही. गडूतल्या पाण्याचा माग काढता काढता मी आग्र्याहून पॅरिसला, तेथून आपल्या मुंबईच्या परळला, आसामच्या खेड्यांत आणि शेवटी अमेरिकेतल्या एका इस्पितळात जाऊन पोहोचलो. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ करावयाचा तो आग्र्यापासून. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ तेथे सरकारी रासायनिक परीक्षक होता. त्या काळी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, देशभर धाक होता. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाने कलकत्त्यास येऊन पटकीचा जंतू ओळखला होता, आणि तो पाण्यातून पसरतो हेही हळूहळू पटू लागले होते. मग हँकिनला एक कोडे पडले. गंगा-यमुनेत प्रेते सोडतात, काठचे लोक तेच पाणी पितात. तरीही साथ नदीच्या प्रवाहाबरोबर खालच्या गावांना सर्रास का जात नाही?

त्याने सोपा प्रयोग केला. नदीचे पाणी आणि विहिरीचे पाणी निरनिराळ्या नळ्यांत घेऊन दोहोंत पटकीचे जंतू सोडले. विहिरीच्या पाण्यात ते जगले. नदीच्या पाण्यात काही तासांतच मेले. अतिसूक्ष्म छिद्रांच्या चिनी मातीच्या गाळणीतून पाणी गाळले तरी त्याचा गुण कायम राहिला. पण उघड्या भांड्यात उकळले की गेला. १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्याने हे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास हिंदुस्थान पाहावयास आलेल्या मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकानेही आपल्या प्रवासवर्णनात ही गोष्ट मोठ्या नवलाने नोंदविली.

आजीला हे कळते तर ती म्हणाली असती, "मी काय सांगत होते?" पण थांबावे लागते. हँकिनने आणखी एक प्रयोग केला होता. पाणी बंद नळीत घालून तापविले तर त्याचा गुण टिकतो असे त्याला दिसले. त्यावरून त्याने तर्क केला की हा गुण पाण्यातल्या एखाद्या उडून जाणाऱ्या पदार्थाचा असावा. आज अनेक पुस्तकांत हँकिनला जंतुभक्षकांचा पहिला साक्षीदार म्हणून मान दिलेला दिसतो. परंतु काही अभ्यासक हीच बंद नळी पुढे करून शंका घेतात. जंतुभक्षक असता तर तो बंद नळीतही उष्णतेने मेला असता. तेव्हा हँकिनने काहीतरी खरे पाहिले, पण काय पाहिले हे त्याला ठाऊक नव्हते, आणि आपल्यालाही ते छातीठोकपणे सांगता येत नाही.

याच हँकिनची दुसरी एक आठवण मात्र गावोगाव शिल्लक आहे. पटकीची साथ आली की विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत त्याने रूढ केली. पाणी गुलाबी व्हावयाचे आणि बायका घागर भरावयास कचरावयाच्या. आमची आजी त्याला लाल औषध म्हणे. म्हणजे एकाच माणसाने नदीच्या पाण्याचा गुण वाखाणला आणि विहिरीच्या पाण्यात औषध ओतावयास लावले. त्यात विसंगती नाही. नदीचा गुण हा त्याच्या दृष्टीने शोधाचा विषय होता. माणसे वाचविण्यासाठी त्याने भरवशाची वस्तू वापरली. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवतीच फिरते.

१८९६ हेच वर्ष मुंबईत प्लेगचे ठरले. सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि पाहता पाहता तो इलाखाभर पसरला. खानदेशानेही त्याचे तडाखे सोसले. आपल्या बहिणाबाई चौधरींचा मुलगा ओंकार प्लेगनेच कायमचा अपंग झाला. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिलाच हाफकिन संस्था म्हणतात. लसीने रोग टाळता येई. पण एकदा गाठ आली की वैद्य-डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. काखेत गाठ दिसली की घर सोडून रानात झोपडी बांधावयाची, एवढेच लोकांना ठाऊक होते.

अशा काळात फेलिक्स देरेल या गृहस्थाचे नाव ऐकू येऊ लागले. या माणसाजवळ वैद्यकाची रीतसर पदवी नव्हती. जंतुशास्त्र तो स्वतःच शिकला, ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत नोकऱ्या केल्या, आणि अखेर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करू लागला. पहिल्या महायुद्धात सैनिकांत हगवण पसरली, तेव्हा तो रोग्यांचे नमुने तपासत होता. एका रोग्याचे दररोजचे नमुने गाळून तो ती गाळीव निवळी हगवणीच्या जंतूंत मिसळी. एके दिवशी जंतूंनी गढूळ झालेली नळी रातोरात नितळ झाली. आणि तिकडे रोगीही सुधारला होता. जंतूंना खाणारे, त्यांच्याहून कितीतरी सूक्ष्म असे काहीतरी तेथे होते. १९१७ साली त्याने हे जाहीर केले आणि त्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रजाने १९१५ मध्येच असा चमत्कार पाहिला होता, पण तो त्याच्या मागे लागला नाही. देरेल लागला.

हा भक्षक म्हणजे जंतूंना होणारा विषाणूचा रोग, असे म्हटले तरी चालेल. तो विशिष्ट जातीच्या जंतूच्या अंगाला चिकटतो, आपला वंशसूत्राचा धागा आत सोडतो, त्या जंतूच्या शरीरातच आपली पिलावळ वाढवितो, आणि मग जंतू फुटून ती बाहेर पडते. एकाचे शंभर व्हावयास अर्धा-पाऊण तास पुरतो. माणसाच्या पेशींना तो शिवत नाही. परंतु त्याचा जिव्हाळा फार एकनिष्ठ असतो. पटकीच्या जंतूचा भक्षक प्लेगच्या जंतूकडे ढुंकूनही पाहत नाही; इतकेच काय, पटकीच्याही एका पोटजातीला खाणारा दुसरीला सोडून देतो. हाच त्याचा मोठा गुण, आणि औषध करताना हीच मोठी अडचण.

देरेलने हे औषध आधी कोंबड्यांवर वापरून पाहिले. १९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात हगवणीने अत्यवस्थ झालेल्या एका मुलाला दिले. देण्यापूर्वी ते त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतः पिऊन पाहिले. मुलगा बरा झाला. १९२५ साली ईजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या क्वारंटीन ठाण्यात चार प्लेगच्या रोग्यांच्या गाठीतच त्याने प्लेगचा भक्षक टोचला. चौघेही वाचले. ही वार्ता ऐकून हिंदुस्थान सरकार जागे झाले नसते तरच नवल. देरेलला बोलावणे गेले, आणि १९२६ मध्ये तो मुंबईच्या हाफकिन संस्थेत येऊन दाखल झाला.

ज्या गावाने प्लेगमध्ये माणसांच्या राशी पाहिल्या होत्या, तेथे चारपैकी चार वाचल्याची बातमी काय आशा घेऊन आली असेल याची कल्पना करावी. परंतु अलेक्झांड्रियाचे यश मुंबईत उतरले नाही. हाफकिन संस्थेतले नायडू आणि आवारी यांनी प्लेगवरच्या या उपचाराचे आपले काम १९३२ साली प्रसिद्ध केले. पण प्लेगवरचा उपाय म्हणून भक्षक काही घरोघर पोहोचला नाही. चार ही संख्या फार लहान होती. बिनऔषधानेही प्लेगचे काही रोगी वाचत असत. चौघे औषधाने वाचले की दैवाने, हे चौघांवरून कळत नाही.

पटकीच्या बाबतीत प्रयत्न अधिक मोठा झाला. १९२७ ते १९३६ या काळात हिंदुस्थानात बॅक्टेरिओफाजची सरकारी चौकशीच चालली होती. देरेलने स्वतः पंजाबात आणि कलकत्त्याच्या कँबेल इस्पितळात काम केले. पंजाबच्या खेड्यांत त्याने भक्षक विहिरींतही सोडून पाहिला. ज्या विहिरीत हँकिनचे लाल औषध पडावयाचे, तीत आता जिवंत औषध पडू लागले. उपचार घेतलेल्यांत शेकडा दहांहून कमी दगावले आणि न घेतलेल्यांत साठांहून अधिक, असे आकडे त्याने मांडले. आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण शिक्षकाच्या मनात लगेच प्रश्न येतो: औषध घेणारे कोण आणि नाकारणारे कोण? घेणाऱ्यांच्या घरी लवकर मदत पोहोचली असेल काय? दोन्ही गट सारखे नसतील तर वजाबाकी करून काय हाती लागणार?

हीच अडचण ओळखून आसामात निराळी रीत अवलंबिली गेली. शिलाँगच्या पाश्चर संस्थेचे लेफ्टनंट कर्नल मॉरिसन यांनी दोन भाग निवडले. नौगाव भागात भक्षकाच्या कुप्या गावोगाव वाटल्या. घरात कोणाला जुलाब सुरू झाले की गावच्या मुखत्याराकडून कुपी न्यावयाची आणि पाजावयाची. हबीगंज भाग तुलनेसाठी ठेवला. तेथे वाटप नव्हते. हबीगंज आज बांगलादेशात आहे. पुढच्या काही वर्षांत नौगावातली पटकी दबून राहिली.

येथे मला नेहमी हबीगंजची आठवण होते. नौगावच्या आईच्या हाती कुपी होती आणि हबीगंजच्या आईच्या हाती नव्हती. ही तुलना निष्ठुर वाटते. पण ती केली नसती तर नौगावच्या कुपीत औषध होते की नुसते पाणी, हे कोणालाच कळले नसते. आणि मग नुसते पाणीच पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून पाजले गेले असते. दुर्दैव असे की एवढे करूनही निकाल निर्विवाद लागला नाही. पटकी आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने जाते. दोन प्रदेशांत ती सारखीच येईल याची हमी कोण देणार? १९३६ मध्ये चौकशी संपली.

जगातही वारे फिरले होते. युरोप-अमेरिकेत निरनिराळ्या कारखान्यांनी भक्षकाच्या कुप्या बाजारात आणल्या होत्या. कोणत्या रोगाला कोणता भक्षक याचा पाचपोच नव्हता. काही कुप्यांत टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्याने भक्षकच मरून जाई. काहींत फुटलेल्या जंतूंची विषे तशीच राहात आणि रोग्याला उलट ताप भरे. १९३४ साली अमेरिकन वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात दोघा परीक्षकांनी सारा पुरावा तपासून प्रतिकूल मत दिले. भक्षक हा सजीव आहे की नुसते रासायनिक द्रव्य, याचाही वाद मिटला नव्हता. १९४० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रत्यक्ष दिसला तेव्हा मिटला. पण तोवर पेनिसिलिन येऊ घातले होते. मग प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन आले. एकच गोळी दहा जातींच्या जंतूंना मारू लागल्यावर एकनिष्ठ भक्षकाला कोण विचारतो? पटकीवर तर १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत बनगाव येथे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्याने शेकडो प्राण वाचवून दाखविले. ते आज कोणत्याही आईला करता येते.

रशियाच्या छत्राखालच्या जॉर्जियात मात्र हा दिवा तेवत राहिला. तिबिलिसी शहरात गिओर्गी एलियावा या देरेलच्या स्नेह्याने १९२३ मध्ये संस्था काढली होती. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने एलियावाला गोळ्या घातल्या. संस्था मात्र टिकली आणि भक्षक बनवीत राहिली. देरेल १९४९ साली पॅरिसमध्ये वारला, तेव्हा बाहेरचे जग त्याचे औषध जवळजवळ विसरले होते.

विसरलेल्या वस्तूची आठवण गरज पडल्यावर होते. प्रतिजैविकांचा आपण सढळ हाताने वापर केला. सर्दीला गोळी, कोंबडीला गोळी, दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात. जंतू तेवढ्यात शहाणे झाले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला आहे.

अशाच एका जंतूने टॉम पॅटरसन या अमेरिकन प्राध्यापकाला गाठले. २०१५ च्या अखेरीस ईजिप्तच्या सहलीत ते आजारी पडले, आणि सॅन डिएगोच्या इस्पितळात बेशुद्धावस्थेत गेले. एकही औषध चालेना. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी या साथरोगांच्या अभ्यासक. त्यांनी जुने ग्रंथ चाळले, जगभर पत्रे धाडली, आणि त्या नेमक्या जंतूला खाणारे भक्षक शोधून काढविले. काही तर सांडपाण्यातून मिळाले. मार्च २०१६ मध्ये ते टोचण्यात आले आणि काही दिवसांत पॅटरसन शुद्धीवर आले. सत्यवान-सावित्रीची ही नवी कथा कोणालाही आवडेल. पण रोगी एकच होता, हे येथेही विसरून चालणार नाही.

सांडपाण्याच्या थेंबापासून कुपीपर्यंतची वाट किती लांब आहे ते पाहा. रोग्याच्या अंगातला जंतू वेगळा काढून बशीत पसरावयाचा. त्यावर गाळलेल्या पाण्याचे थेंब टाकावयाचे. जेथे नितळ ठिपका उमटेल, तेथे भक्षक आहे. तो वाढवावयाचा, जंतूंची विषे धुऊन काढावयाची, आणि त्याची वंशसूत्रे वाचावयाची. हे वाचन का हवे? काही भक्षक जंतूला न फोडता त्याच्यातच मुक्काम ठोकतात आणि त्याला नवे अवगुण शिकवितात. पटकीच्या जंतूचे ते घातक विषच मुळात एका भक्षकाने त्याला आणून दिले आहे, हे १९९६ मध्ये उघडकीस आले. हँकिनच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी! म्हणजे नदीच्या पाण्यात तारणारेही असतात आणि मारणाऱ्याला हत्यार पुरविणारेही असतात.

एवढे करून बनविलेली कुपीही दगा देते. फ्रान्स-बेल्जियममध्ये भाजलेल्या रोग्यांच्या जखमांवर एक काटेकोर तुलना झाली. तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. भक्षकाचे मिश्रण ठेवल्या ठेवल्या इतके मंदावले की रोग्यांना ठरल्यापेक्षा हजार पटींहून कमी मात्रा मिळाली, आणि नेहमीच्या मलमापुढे ते मागे पडले. बेल्जियमने यातून एक वाट काढली आहे: डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषधनिर्मात्याने त्या रोग्यापुरते मिश्रण बनवावे, आपल्याकडचे वैद्य पुडी बांधत तसे. आपल्या देशातही काशीच्याच हिंदू विश्वविद्यालयात चिघळलेल्या जखमांवर भक्षकाचे काम झाले आहे. गंगेच्या काठी सुरू झालेला प्रश्न पुन्हा गंगेच्या काठी आला.

या सव्वाशे वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटते, नदीत गुण होता की नव्हता हा वाद तेवढा महत्त्वाचा नाही. गुण पुष्कळ ठिकाणी असतो. तो औषध होतो केव्हा, तर कोणीतरी शेजारी दुसरी नळी ठेवतो, दोन्हींची नोंद प्रामाणिकपणे करतो, आणि अपयशही वहीत लिहितो तेव्हा. हँकिनने बंद नळीची अडचण लपविली नाही, म्हणून आज आपल्याला शंका तरी घेता येते.

त्या मुलीला मी अखेर उत्तर दिले. म्हणालो, "बाळ, गडूत काय आहे ते मला ठाऊक नाही. शोधावयाचे तर डाख फोडावा लागेल, आणि शेजारी आपल्या विहिरीच्या पाण्याचा दुसरा गडू ठेवावा लागेल."

ती क्षणभर विचार करून म्हणाली, "मग सर, दुसरा गडू आजपासूनच ठेवू या."

यंदा दिवाळीची भांडी निघाली तेव्हा आमच्या फळीवर दोन गडू होते. दुसऱ्यात विहिरीचे पाणी आहे, आणि त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटविली आहे. आजी असती तर प्रथम रागावली असती. पण तिनेच तो चिंच लावून घासून दिला असता, याविषयी मला शंका नाही.